प्लॉट स्वस्त आहे, पण हार्डनिंगवाला कुठे आहे?

वाचकाचं पत्र:

"आम्ही दोघे भाऊ पंपांचे शाफ्ट बनवतो. सहा सीएनसी लेथ, एक मिलिंग, माणसं १८. टर्निंग (लेथवर कोरून गोल आकार देणं) आणि की-वे (चावी बसवायची खाच) आमच्याकडे होतं. इंडक्शन हार्डनिंग (विजेने तापवून पृष्ठभाग कठीण करणं), ग्राइंडिंग (घासून अचूक मापाला आणणं) आणि हार्ड क्रोम (क्रोमियमचा कठीण थर चढवणं) बाहेर जॉबवर्कला जातं. गाळा भाड्याचा आहे, जुन्या औद्योगिक पट्ट्यात. जागा पुरत नाही, भाडं दरवर्षी चढतं, आणि सेटर (यंत्र जुळवून देणारा कारागीर) तयार केला की शेजारचा पळवतो. १८० किलोमीटरवर, मागास म्हणून जाहीर झालेल्या जिल्ह्यात नवी वसाहत झाली आहे. प्लॉट फारच स्वस्त, यंत्रांवर ३० टक्के भांडवली अनुदान, वीज शुल्क माफ. धाकटा म्हणतो, सगळं उचलून तिकडे जाऊ, आपण गेलो की बाकीचे मागून येतील. मला धीर होत नाही. उद्योग एकाच ठिकाणी एवढी गर्दी का करतात, आणि त्या गर्दीतून निघणं शहाणपणाचं आहे का?"

उत्तर:

नमस्कार. तुमच्या भावाचं निम्मं बरोबर आहे. टर्निंग तिकडे न्या. हार्डनिंगपासून पुढचं सगळं, तपासणी आणि डिस्पॅच मात्र आहे तिथेच राहू द्या आणि त्यासाठी पट्ट्यात एक लहान गाळा हातात ठेवा. "बाकीचे मागून येतील" याची किंमत हिशेबात शून्य धरा. आले तर उत्तम, पण त्या भरवशावर कर्ज काढू नका.

गर्दीचं कारण आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्येच नोंदवलं होतं. एकाच धंद्यातले लोक जवळ आले की कुशल कामगारांचा साठा तयार होतो, पूरक कामं करणारे छोटे कारखानदार उभे राहतात, आणि कामाची युक्ती एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप पोचते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तुमच्या पत्रातच आहेत, फक्त एक तक्रार म्हणून आली आहे. शेजारी तुमचा सेटर पळवतो, कारण त्या पट्ट्यात सेटरला चार दारं उघडी आहेत. पण त्याच चार दारांमुळे तो त्या गावात घर करून राहतो आणि तुम्हालाही आठवड्याभरात दुसरा मिळतो. नव्या वसाहतीत तुमचा माणूस कोणी पळवणार नाही हे खरं. मात्र अनुभवी माणूस तिथे यायलाच कचरेल, कारण तुमच्याशी बिनसलं तर त्याला बिऱ्हाड हलवावं लागेल.

पट्टा नेमका कुठे जन्मतो, याला बऱ्याचदा काही मोठं कारण नसतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावी कॅथरीन एव्हान्स या तरुणीने १८९५ मध्ये लग्नाची भेट म्हणून टफ्टेड (दोऱ्याचे गोंडे ओवलेला) पलंगपोस बनवला. त्यातून घरोघरी तेच काम सुरू झालं, मग यंत्रं आली, आणि आज अमेरिकेतला बहुतांश गालिचा त्याच परिसरात तयार होतो. तिथे ना खास कच्चा माल होता ना बंदर. सुरुवात योगायोगाने झाली, पण नंतर सूतवाले, रंगवाले, यंत्र दुरुस्त करणारे जमले आणि दुसऱ्या गावाला ती जागा घेणं कठीण झालं. पॉल क्रुगमन यांनी १९९१ मध्ये हेच गणितात बसवलं. २००८ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचा वाटा आहे. त्या गणितातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. वाहतूक स्वस्त झाली की मागास भागाचं भलंच होतं असं नाही. रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. नव्या महामार्गाने तुमचा माल पट्ट्यात येईल, तसा पट्ट्यातल्या मोठ्या कारखानदाराचा मालही तिकडे पोचेल आणि तिथला लहान कारखानदार मोडेल. तेव्हा "रस्ता चांगला झालाय" एवढ्यावर भाळू नका.

आता हिशेब. खालचे आकडे धरलेले आहेत. रीत तीच ठेवून तुमचे घाला. सगळं १०० च्या विक्रीमागे मांडू, म्हणजे तुलना करता येईल.

आधी अनुदान. ३० टक्के म्हणजे हातात ३० असं नसतं. बहुतेक योजनांत उत्पादन सुरू झाल्यावर अर्ज होतो आणि रक्कम हप्त्यांनी येते. यंत्रांत १०० गुंतवले आणि अनुदान दुसऱ्या वर्षअखेरीपासून सहाव्या वर्षअखेरीपर्यंत दरवर्षी ६ असं आलं, तर १२ टक्के व्याजदराने त्याची आजची किंमत सुमारे १९ होते. ती यंत्राच्या दहा वर्षांच्या आयुष्यावर त्याच व्याजाने पसरली की वर्षाला ३.४. तुमची वर्षाची विक्री गुंतवणुकीच्या दुप्पट असेल तर १०० च्या विक्रीमागे १.७. जाहिरातीतला ३० चा आकडा असा १.७ वर येतो. तोही वाईट नाही, फक्त तेवढाच आहे. जागेच्या खर्चात समजा २ वाचले. वीज शुल्काची माफी भट्टीवाल्याला मोलाची. टर्निंगमध्ये विजेचा वाटा लहान, म्हणून ती सोडून देतो. पगारात हेल्पर स्वस्त पडेल आणि सेटर महाग, ते एकमेकांत फिटलं असं धरू. एकूण फायदा ३.७.

दुसऱ्या बाजूला वाहतूक. सगळं तिकडे नेलं तर बार (कच्ची पोलादी सळई) येतो, शाफ्ट हार्डनिंगला जातो-येतो, ग्राइंडिंगला जातो-येतो, क्रोमला जातो-येतो आणि शेवटी ग्राहकाकडे जातो. एकूण ८ लांबच्या फेऱ्या. एका फेरीला ०.५ धरले तर ४. आज पट्ट्यात टेम्पोवर १ जात असेल, म्हणजे जास्तीचे ३.

मग बिघाड. स्पिंडल (लेथचा फिरता कणा) किंवा ड्राइव्ह (मोटर चालवणारा विद्युत भाग) बंद पडलं की आज दुपारी फोन आणि संध्याकाळी माणूस, असं होत असेल. तिकडे तो परवा येईल, एखादा भाग विसरला तर आणखी एक दिवस. सहा लेथ, प्रत्येकाला वर्षात ५ बिघाड, दर बिघाडाला जास्तीचा दीड दिवस, म्हणजे ४५ यंत्र-दिवस. सहा लेथचे वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,८०० पैकी हे अडीच टक्के. १०० च्या विक्रीतून बार आणि जॉबवर्क वजा जाऊन ४० उरत असतील, तर तोटा १.

अडकलेल्या मालाला लोक उगाच घाबरतात. आठवड्यातून दोन ट्रक असतील तर माल जाताना आणि येताना सरासरी पावणेदोन-पावणेदोन दिवस थांबतो. आजचा अर्धा दिवस वजा केला तर एका बाहेरच्या कामामागे ३ दिवस वाढले, तिन्हींमागे ९. विक्रीच्या ६० टक्के किमतीचा माल ९ दिवस जास्त अडकला, तर व्याज जेमतेम ०.२. मात्र वार्षिक विक्रीच्या दीड टक्का इतकी रक्कम आधी उभी करावी लागते, आणि बँक खेळतं भांडवल मंजूर करताना हे धरेलच असं नाही. ती तरतूद स्थलांतराच्या खर्चातच घाला.

बेरीज केली तर खर्च ४.२ आणि फायदा ३.७. सगळं उचलून नेलं तर १०० मागे ०.५ चा तोटा. यात रिजेक्शन अजून धरलंच नाही, आणि खरा दणका तिथेच बसतो. रोज ५० शाफ्ट निघत असतील आणि चूक शेवटच्या टप्प्यावर उघडी पडत असेल, तर ९ दिवस उशिरा कळणं म्हणजे आणखी ४५० शाफ्ट त्याच चुकीसह वाटेत. आज ग्राइंडिंगवाला दुपारीच ओरडतो, "टेपर येतोय, बघा जरा" (म्हणजे व्यास एका टोकाला कमी भरतोय), आणि तुम्ही ऑफसेट (यंत्रात भरलेली हत्याराच्या मापाची दुरुस्ती) बदलता. ही हाक कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

आता वाटून केलं तर काय होतं ते पाहा. बार थेट नव्या जागी. तिथे कटिंग, टर्निंग, की-वे. मग सगळा माल एकदाच पट्ट्यात, हार्डनिंग, ग्राइंडिंग, क्रोम तिथल्या तिथे फिरून, तुमच्या लहान गाळ्यात तपासणी आणि तिथूनच ग्राहकाकडे. लांबच्या फेऱ्या ८ वरून २. वाहतूक लांबची १ अधिक पट्ट्यातली ०.५, आजचा १ वजा, म्हणजे जास्तीचे ०.५. नेहमी लागणारे सुटे भाग जवळ ठेवून बिघाडाचा जास्तीचा वेळ दीडावरून एक दिवसावर आणला तर ०.७. व्याज ०.१. एकूण १.३. फायद्यातून लहान गाळ्याचं भाडं ०.७ गेलं तरी ३ उरतात. हातात १.७. टर्निंगला जागा लागते आणि बाहेरचे हात कमी लागतात. फिनिशिंगला जागा कमी लागते आणि रोज दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. म्हणून चीर बरोबर तिथेच द्यायची.

हे जमायला शॉप फ्लोअरवर काही गोष्टी कडक कराव्या लागतील. हार्डनिंगमध्ये शाफ्ट वाकतो, म्हणून व्यासावर ग्राइंडिंगसाठी ०.३ ते ०.४ मिमी शिल्लक ठेवता ना, ती प्रत्येक शाफ्टला लेखी ठरवा आणि ग्राइंडिंगवाल्याची त्यावर सही घ्या. लांबून येणारा माल "सेफ" असावा म्हणून ऑपरेटर हळूच ०.६ ठेवू लागतात. मग ग्राइंडिंगचा वेळ आणि दर वाढतो, शिवाय कठीण झालेला थर नको तेवढा घासला जातो. क्रोमचा थर दोन्ही बाजूंना चढतो: ३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) थर म्हणजे व्यासात ६० मायक्रॉन. ड्रॉइंगवरचं माप क्रोमआधीचं की नंतरचं, ते चलनावरच लिहा.

१८० किलोमीटरच्या प्रवासात सगळ्यात आधी बिघडतात ती शाफ्टच्या टोकांची ६० अंशांची सेंटर (यंत्रात शाफ्ट ज्यांवर धरतात ते खळगे). त्यांवर ठोका बसला किंवा बर (कापल्यावर उरलेली धातूची कड) राहिली तर ग्राइंडिंगमध्ये शाफ्ट गोल येत नाही आणि दोष कोणाचा यावर भांडण होतं. सेंटरला प्लास्टिकच्या टोप्या, बेअरिंगच्या जागेला जाळी, सगळ्याला गंजरोधक तेल, आणि लांब शाफ्ट लाकडी खाचांच्या रॅकमध्ये किमान दोन ठिकाणी आधार देऊन. एकावर एक रचून दोरीने बांधलेला माल घेऊच नका. नव्या जागी रोज पहिल्या नगाची पूर्ण तपासणी, नंतर गो-नोगो गेज (माप हद्दीत आहे की नाही एवढंच सांगणारं मापक). गेजचे दोन संच घ्या, एक इकडे एक तिकडे, आणि दोन्ही एकाच प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेट करून घ्या; नाहीतर एका जागी पास झालेला माल दुसरीकडे नापास होतो. बार कापून-कोरून १०० किलोचे ७० किलो शाफ्ट होत असतील, तर ३० किलो चिप्स नव्या जागीच उरतात. तिथे भंगारवाला आहे का, कोणत्या दराने घेतो, हे आधी विचारा. परतीच्या ट्रकमध्ये जागा असेल तर चिप्स पट्ट्यात आणून विकणंही परवडतं.

सर्वांनीच तुमच्यासारखी विभागणी करावी असं नाही. आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये मांडलेला नियम अजून चालतो: कामात वजन घटत असेल तर कारखाना कच्च्या मालाजवळ. १ टन साखरेला साधारण १० टन ऊस लागतो आणि तोडलेल्या उसातली साखर दिवसागणिक कमी होते. तो कारखाना उसापासून दूर गेलेला दिसत नाही. ॲल्युमिनियम वितळवण्याला टनामागे १३ ते १५ मेगावॅट-तास वीज लागते, म्हणून ते स्वस्त विजेच्या मागे जातं. अशा उद्योगांना मागास भाग खरोखर मानवतो.

"बाकीचे मागून येतील का" याचं उत्तर तासांत काढा. समजा तुमच्या शाफ्टना आठवड्याला हार्डनिंग यंत्राचे ६ तास लागतात. हार्डनिंगवाल्याला तग धरायला एका पाळीचं, ४० तासांचं काम हवं. म्हणजे तुमच्यासारखी ७ युनिटं तिथे असतील तर तो येईल, नसतील तर तुमच्या प्रेमाखातर येणार नाही. ग्राइंडिंग आणि क्रोमसाठीही हेच करा. वसाहतीच्या कार्यालयात वाटप झालेल्या प्लॉटची यादी मिळते, पण यादीवर जाऊ नका, प्रत्यक्ष फिरा: किती शेडमध्ये मीटर चालू आहे, किती नुसत्या कुंपणाच्या आहेत. जिल्ह्यातल्या एकूण रोजगारात तुमच्या उद्योगाचा वाटा भागिले देशातला तसाच वाटा, हा आकडा १ पेक्षा बराच मोठा असेल तर तिथे पट्टा आहे असं अहवाल सांगतात. सापळा असा की एकच मोठा कारखाना असला तरी आकडा फुगतो, आणि त्या मोठ्याचं हार्डनिंग त्याच्या आवारातच होत असतं. तुमच्यासाठी त्याहून उपयोगी कसोटी म्हणजे प्रत्येक बाहेरच्या कामाला १० किलोमीटरच्या आत किमान तीन जण. दोनच असले तर एक आजारी पडल्यावर दुसरा भाव ठरवतो.

मोठा कारखाना आला की आसपास सगळं फुलतं, या आशेचा इतिहास संमिश्र आहे. इटलीने दक्षिण भागासाठी १९५० मध्ये खास निधी उभा केला. टारांटोसारख्या ठिकाणी प्रचंड पोलाद कारखाना आला, पण आजूबाजूला छोट्या उद्योगांची वीण अपेक्षेइतकी उभी राहिली नाही. तिथले लोक अशा प्रकल्पांना वाळवंटातली कॅथेड्रलं (भव्य चर्च) म्हणू लागले. उलट अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मोठा कारखाना मिळालेल्या काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये) जुन्या कारखान्यांची उत्पादकता पाच वर्षांत सुमारे १२ टक्क्यांनी जास्त दिसली. मात्र हा लाभ मुख्यतः त्याच प्रकारचे कामगार आणि तंत्र वापरणाऱ्यांना झाला. तुमच्या जिल्ह्यात पंपाचा किंवा मोटरचा कारखाना येत असेल तर कान टवकारा. सिमेंटचा येत असेल तर तुम्हाला फक्त धूळ.

आपल्याकडे धोरणानेच भूगोल उलटा फिरवल्याचं उदाहरण आहे. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पोलादासारख्या मालाचं भाडं देशभर समान ठेवलं गेलं. खाणी पूर्वेकडच्या राज्यांत, पण खाणीजवळ कारखाना टाकण्याचा फायदाच उरला नाही आणि तयार मालाचे कारखाने बाजारपेठा नि बंदरांजवळ वाढले. सवलती बदलतात, हे प्लॉट घेताना लक्षात असू द्या. सवलत बंद झाल्यावरही चालेल तेवढंच काम तिकडे न्या.

पट्ट्यात राहण्याचेही धोके आहेत, ते भावाच्या बाजूने सांगायला हवेत. सगळे एकाच नळाला लागलेले असतात. तिरुपूरमध्ये जानेवारी २०११ मध्ये नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. विणाईवाले आणि शिलाईवाले निर्दोष असूनही अडकले. तुमच्या साखळीत तो कच्चा दुवा हार्ड क्रोम आहे, कारण त्याचं सांडपाणी विषारी असतं. तुमच्या क्रोमवाल्याची प्रदूषण मंडळाची संमती कधी संपते ते विचारा, आणि दुसऱ्या वसाहतीतला एक क्रोमवाला आत्ताच नमुन्यावर मंजूर करून ठेवा. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्यांना १९९४ मध्ये असाच फटका बसला: दर्जाच्या कारणावरून अमेरिकेने आयात अडवली, तेव्हा चांगले-वाईट सगळेच अडकले. त्यांनी मग मिळून दर्जाची पद्धत बसवली. त्याच शहरातल्या निर्यातदारांनी पुढे स्वतःचा विमानतळ बांधला, तो २००७ पासून चालू आहे. एकत्र येण्याने किती होतं याचा तो नमुना आहे, पण ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी होती.

नव्या वसाहतीत सहा-सात जण मिळून सामायिक हार्डनिंग किंवा ग्राइंडिंग केंद्र काढायचा विचार निघेलच. ही केंद्रं बंद पडतात ती बहुतेक एकाच रस्त्याने: यंत्र अनुदानाच्या यादीतून निवडलेलं, कामाच्या तासांवरून नाही, ऑपरेटर कोणाचाच नाही, सभासद नेहमीचं काम जुन्या माणसाकडे देतात आणि अडलेलं तेवढं केंद्रात आणतात. यावर उपाय कोरडा आहे. प्रत्येकाने महिन्याचे किमान तास बांधून घ्यायचे, काम आणा अथवा न आणा त्याचे पैसे आगाऊ. जमा होणाऱ्या पैशातले १० टक्के दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात. बाहेरच्यांना जास्त दराने दार उघडं. हे कागदावर यायच्या आत कोणी नाही म्हणाला, तर तो प्लॉटच्या आधीच कळला हे बरं.

सही करण्यापूर्वी योजनेचा मूळ आदेश वाचा, माहितीपत्रक नाही. जुनं युनिट हलवलं तर "नवीन" धरतात का? अनेक योजनांत धरत नाहीत, आणि अनुदानाचा सगळा १.७ तिथेच जातो. तसं असेल तर जुनं युनिट चालू ठेवून वेगळी नोंदणी, नवी यंत्रं, ही वाट सल्लागाराला विचारा. वापरलेली यंत्रं अनुदानाला चालतात का? तुमच्या सहा लेथपैकी कोणते न्यायचे हे त्यावर ठरेल. किती वर्षं उत्पादन चालू ठेवण्याची आणि किती स्थानिक माणसं घेण्याची अट आहे, मोडली तर व्याजासह परतफेड आहे का? प्लॉटवर किती महिन्यांत बांधकाम झालं पाहिजे?

पहिल्या टप्प्यात दोनच लेथ न्या, तेही सगळ्यात स्थिर ऑर्डरचे. एक सेटर आठवड्यातून चार दिवस तिकडे, त्याचा भत्ता आणि राहण्याची सोय लेखी. स्थानिक मुलं शिकायला सहा ते नऊ महिने धरा. शिकलेला मुलगा पट्ट्याकडे निघून जाण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्यावर बॉण्ड लादून तो थांबत नाही, प्रत्येक टप्प्याची चाचणी पास झाल्यावर ठरलेली पगारवाढ दिली तर थांबण्याचा संभव वाढतो. दोन लेथवर सहा महिने बिघाडाचे तास, ट्रकचे दिवस आणि रिजेक्शन लिहून ठेवा आणि वरच्या हिशेबात माझ्या आकड्यांच्या जागी ते घाला. तोवर सध्याच्या गाळ्याचा करार निदान दोन वर्षांनी वाढवून घ्या. घरमालकाला नव्या प्लॉटबद्दल आधी सांगू नका.